पस्तिशीत घरी परतलेल्या फौजीचं करायचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र होतं. संरक्षणाच्या पैशातला मोठा वाटा पेन्शनमध्ये जातो, तो आवरला तर तेवढ्यात विमानं आणि ड्रोन येतील, असा त्यांचा मुद्दा. पत्र तळमळीनं लिहिलेलं होतं, कुठं आकस नव्हता, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. मी सिग्नल्समधला, म्हणजे फौजेच्या संदेशवहन शाखेतला निवृत्त सुभेदार, क्लार्क ट्रेडचा. म्हणजे बंदुकीपेक्षा टाइपरायटर जास्त चालवलेला माणूस. नातेवाईक मला दोन कारणांनी ओळखतात. घरात लग्न निघालं की कॅन्टीनच्या बाटल्यांसाठी, आणि एखाद्या सरकारी कागदावर काय लिहिलंय ते कळेनासं झालं की वाचून दाखवायला. हे पत्र दुसऱ्या कारणातून आलंय.

आधी आकडा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते. त्यातले १ लाख ६० हजार ७९५ कोटी पेन्शनचे, म्हणजे रुपयातले साधारण चोवीस पैसे. नवी विमानं, जहाजं, तोफा यांसाठीचा भांडवली खर्च १ लाख ८० हजार कोटी, म्हणजे सव्वीस पैसे. तेव्हा पत्रलेखकांचं गणित चुकलेलं नाही. फक्त एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली. या चोवीस पैशांत सगळेच वर्दीवाले नसतात. संरक्षण खात्यातले मुलकी कर्मचारी, आपल्या अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आयुष्य काढलेले फिटर आणि टर्नरसुद्धा याच शीर्षाखाली येतात. त्यांनाही पेन्शन मिळालीच पाहिजे, पण हिशेब मांडताना सगळा बोजा जवानाच्या नावावर टाकू नये.

हा आकडा एवढा फुगतो का, याचं कारण पगारात नाही, वयात आहे. मंत्रालयातला लिपिक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, केंद्र सरकारचा साठाव्या. शिपाई म्हणून भरती झालेला पोरगा अठरा-एकोणीसचा असतो आणि बढती मिळाली नाही तर पस्तीस-सदतीसच्या घरात तो सामान बांधून परत येतो. नायक, हवालदार झाला तर आणखी थोडी वर्षं. त्याला बाहेर काढतात ते तो निकामी झाला म्हणून नव्हे. फौजेला तरुण छाती लागते. मी भरती झालो त्याच वर्षी, १९८४ च्या एप्रिलमध्ये, आपली फौज सियाचिनवर चढली आणि तेव्हापासून ती तिथंच आहे. पन्नाशीच्या माणसाला त्या उंचीवर बसवता येत नाही. म्हणून दरवर्षी तरुण आत घ्यायचे आणि जरा मोठे झालेले घरी पाठवायचे, हा नेम आहे. तरुण फौज हवी असेल तर लवकर निवृत्ती आली, आणि लवकर निवृत्तीमागून पेन्शन आली. यातलं एक ठेवून दुसरं काढून टाकता येत नाही.

आता हे चोवीस पैसे कुणाच्या हातात पडतात तेही सांगतो. मी कोपरखैरण्यात राहतो. ज्यांना नवी मुंबईतला हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर वाशीच्या बाजार समितीत पाठीवर गोणी वाहणारे माथाडी इथं मोठ्या संख्येनं राहतात, बहुतेक सातारा-सांगलीकडचे. पाटण, जावळी, कोरेगाव. त्या गावांत एक रीत होती. घरातला एक भाऊ मुंबईला माथाडी, एक फौजेत, आणि एक शेतावर. आमच्याही घरात तेच झालं. थोरला कांदा-बटाट्यात, मी सिग्नल्समध्ये. त्यामुळं आमच्या सेक्टरमध्ये फौजींची आणि त्यांच्या विधवांची घरं पुष्कळ. रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर चार-पाच जणी कागद घेऊन बसलेल्या असतात.

त्यांतल्या बहुतेकींचं दुखणं नावाचं. नवरा पन्नास वर्षांपूर्वी भरती झाला तेव्हा युनिटमधल्या कुठल्या तरी बिहारी किंवा तमिळ क्लार्कनं ऐकलं तसं बायकोचं नाव लिहिलं. पेन्शनच्या कागदावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. एकीकडं ‘बाई’ लावलेलं, दुसरीकडं नाही. नवरा जिवंत असेपर्यंत कुणाला फरक पडत नाही. तो गेला की त्या एका ‘बाई’साठी प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा शिक्का, रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, मग सुधारित पेन्शन आदेश. हे सगळं होईपर्यंत घर कशावर चालतं ते मी बघितलंय. आणि रक्कम किती? साधं कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या तीस टक्के. किमान मूळ रक्कम नऊ हजार, त्यावर महागाई भत्ता. नवी मुंबईत एवढ्यावर एक खोलीही भाड्यानं मिळत नाही. काही गोष्टी सुधारल्या, तेही सांगायला हवं. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून देता येतो. आधी बोटांचे ठसे लागत, आणि जन्मभर भांडी घासलेल्या, खुरपणी केलेल्या बायकांचे ठसे यंत्रावर उमटतच नसत. बोटं पुसून, दाबून, लिंबू चोळून आम्ही सगळे प्रयोग केले होते. तो ताप संपला.

मला एवढंच म्हणायचंय की ज्या पैशाला ओझं म्हणतात तो बहुतेक अशाच घरांत जातो. तो कापायची भाषा करणाऱ्यांनी एखाद्या रविवारी माझ्या ओट्यावर यावं. चहा मिळेल.

पण पत्रलेखकांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे, आणि ती टाळून मला पुढं जायचं नाही. देश एका माणसाला पंधरा-वीस वर्षं घडवतो. गाडी, जनरेटर, रेडिओ, प्रथमोपचार, आग, पूर, गर्दी यांत काय करायचं ते शिकवतो. त्यावर भरपूर खर्च करतो. मग तो अडतीसचा झाला की त्याला पेन्शन देऊन सोडून देतो आणि त्याच्या हातातलं सगळं शिकणं वाया घालवतो. चोवीस पैशांतला तोटा इथं होतो. २००८ साली आलेल्या सहाव्या वेतन आयोगाच्या अहवालात सैन्यातून बाहेर पडणाऱ्यांना थेट केंद्रीय पोलिस दलांत घ्यावं अशी शिफारस होती. तिकडं नवी भरती आणि नवं प्रशिक्षण वाचलं असतं, इकडं पेन्शनचा भार काही वर्षं पुढं गेला असता. ती शिफारस अमलात आली नाही. दोन खात्यांच्या भांडणात अशा गोष्टी मरतात, त्यावर मी कागदाचा माणूस म्हणून पुस्तक लिहू शकेन, पण ते राहू द्या.

त्यामुळं होतं काय? घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढं जा, खारघरला जा, पाम बीचला जा. टॉवरच्या गेटवर उभा असलेला पांढऱ्या मिशांचा माणूस बघा. बारा तासांची ड्युटी. कुणी तोफखान्यातला, कुणी इंजिनिअर्समधला, पूल बांधलेला. गाडीचा नंबर लिहायचा, डिलिव्हरीवाल्या पोराचा ओटीपी विचारायचा, बूम वर करायचा. कामाला कमीपणा नाही. मीही निवृत्तीनंतर काही वर्षं एका इमारतीत सुपरवायझर होतो आणि त्या पगारावर मुलीचं शिक्षण केलं. पण बारा तास ही कुठली पद्धत? फौजेत संत्रीची ड्युटी दोन-दोन तासांनी बदलतात, कारण त्यानंतर माणसाचे डोळे उघडे असले तरी तो बघत नसतो. बारा तास उभा केलेला रखवालदार सोसायटीलाही सुरक्षा देत नाही.

मी आमच्या ओळखीच्या एका सोसायटीच्या वार्षिक सभेत हा हिशेब मांडला होता. दोनशे फ्लॅट, दोन गेट. बाराऐवजी आठ तासांच्या पाळ्या करायच्या तर दोन जादा माणसं लागतात. एजन्सीचं कमिशन धरून माणशी बावीस हजार. फ्लॅटमागं महिन्याला दोनशे वीस रुपये. सभागृहात ज्यांचे फ्लॅट दीड कोटीच्या वर आहेत अशी मंडळी बसली होती. ठराव पडला. त्याच सभेत प्रवेशद्वारावर कारंजं बसवायचा ठराव एकमतानं मंजूर झाला. पंधरा ऑगस्टला त्याच रखवालदाराला पुढं बोलावून शाल आणि नारळ दिला, फोटो काढला. शाल चांगली होती, उगाच खोटं कशाला बोला.

इथं मला माझ्या थोरल्या भावाची आठवण होते. तो सातवी शिकलेला, जन्मभर गोणी वाहिली. पण १९६९ चा माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांनी माणसं उभी केली, आणि त्याला माथाडींचं बोर्ड मिळालं. मजुरी बोर्डातून, भविष्यनिधी, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. त्याच धर्तीवर १९८१ साली महाराष्ट्रात खासगी सुरक्षा रक्षकांचा कायदा झाला आणि बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळ आलं. हे किती सोसायट्यांच्या कमिट्यांना माहीत आहे? मंडळाकडून रक्षक घेता येतो, त्याची पाळी, रजा, भविष्यनिधी सगळं ठरलेलं असतं. पण खासगी एजन्सी थोडी स्वस्त पडते आणि गणवेश चकचकीत देते. त्याच गणवेशाचे पैसे पुन्हा रक्षकाच्या पगारातून कापते, ते कमिटीला कळत नाही. म्हणजे आमच्या घरात सातवी शिकलेल्या भावाला म्हातारपणी बोर्डाचा आधार, आणि दहावी-बारावी शिकून, सीमेवर राहून आलेल्या त्याच गावच्या हवालदाराला गेटवर काही नाही. मंडळात माजी सैनिकांची नोंदणी सोपी करा, आणि महापालिका, सिडको, एमआयडीसी यांच्या ठेक्यांत मंडळाचे रक्षक घेणं बंधनकारक करा. यात केंद्राचा एक रुपयाही लागत नाही.

दुसरं दार नोकरीचं. महाराष्ट्रात गट क आणि गट ड मध्ये माजी सैनिकांना पंधरा टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं, आरक्षण आहे. जाहिरातीत रकाना असतो, त्यात आकडा असतो. निकालात मात्र त्या रकान्यापुढं पुष्कळदा ‘उमेदवार उपलब्ध नाही’. मग ती जागा त्याच प्रवर्गातल्या इतरांना जाते. उमेदवार नाहीत असं कसं होईल, माझ्या सेक्टरमध्येच आहेत की! पण कुणाकडं एमएस-सीआयटी नाही, कुणाकडं मराठी टायपिंग नाही, कुणी जाहिरात लागली तेव्हा गावी होता. आणि एक गंमत अशी की पंधरा वर्षं सेवा झालेल्या दहावी पास फौजीला पदवीची अट असलेल्या अनेक पदांना अर्ज करता येतो, ही सवलत जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली असते. पुष्कळ जण ‘पदवीधर’ हा शब्द वाचून पान उलटतात. मी स्वतः तिघांना फोन करून परत बसवलंय. त्यांतला एक आज तलाठी आहे. बाकीचे दोघे टायपिंगला अडले.

हे दुरुस्त करणं काही अवघड नाही. नाव नोंदवलेल्या प्रत्येक माजी सैनिकाची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असते, त्याच्या ट्रेडसकट. कोण ड्रायव्हर, कोण इलेक्ट्रिशियन, कोण नर्सिंग असिस्टंट, कोण नौदलात आगीशी झुंजायला शिकलेला, सगळं डिस्चार्ज बुकात लिहिलेलं असतं. ती यादी आणि महापालिकांच्या रिकाम्या जागा एका टेबलावर समोरासमोर ठेवायला कुणी बसलं तर अर्धं काम झालं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने आहेत, वर्षातून दोन-तीनदा धुराचे लोट आमच्या गच्चीवरून दिसतात. तिथं जहाजावर आग विझवलेली माणसं हवीत की नकोत?

मजबूत संरक्षण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर क्षेपणास्त्र येतं. यायलाच हवं. अंबरनाथच्या नौदल सामग्री प्रयोगशाळेत पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली राहता यावं म्हणून इंधन घटांवर (फ्युएल सेलवर) काम झालंय, ते आपल्या जिल्ह्यात झालं याचा मला अभिमान आहे. त्या प्रयोगशाळेला आणखी पैसा मिळावा. पण पहलगामला २२ एप्रिल २०२५ ला जे मारले गेले त्यांत डोंबिवलीची आणि पनवेलची माणसं होती. सीमा किती लांब आहे हे त्या दिवशी आम्हाला कळलं. पुढं ७ मे ला पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली आणि त्याच दिवशी दुपारी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, आपल्या ठाण्यातही. भोंगे वाजले, दिवे घालवायचे कसे ते सांगितलं गेलं. आमच्या सेक्टरमधले आम्ही सगळे जुने फौजी त्या दिवशी कपडे करून बसलो होतो. कुणी तरी बोलावेल असं वाटलं होतं. कुणी बोलावलं नाही, कारण सराव घेणाऱ्यांकडं आमची यादीच नव्हती. ज्या माणसांनी २००१-०२ साली सीमेवर फौज उभी केली त्या ऑपरेशन पराक्रमला महिनोन् महिने अंधारात तळ सांभाळले, ती माणसं बाल्कनीतून शेजाऱ्याचा बल्ब घालवायला ओरडत होती. मला हसूही आलं आणि रागही.

२०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा हजारावर प्रवाशांना काढायला एनडीआरएफ, नौदल, हवाई दल सगळ्यांना धावावं लागलं. सगळे वेळेत आले, कुणाचा जीव गेला नाही. पण अशा वेळी पहिल्या तासाला तिथं जवळपास राहणारेच असतात. प्रत्येक प्रभागात पंचवीस माजी सैनिकांची नावं, फोन नंबर आणि ट्रेड असलेला एक कागद आपत्ती व्यवस्थापन कक्षाच्या भिंतीवर लावायला काय लागतं? मानधन नको, सराव द्या. वर्षातून दोनदा बोलवा.

आणि हे सगळं आताच का म्हणतोय? जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा, त्यातले पंचवीस टक्के कायम, बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन घरी. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, दवाखाना नाही. पेन्शनचं ओझं नको म्हणणाऱ्यांच्या मनासारखंच झालं म्हणा. योजना बरी की वाईट यावर आमच्या ओट्यावर रोज भांडण होतं, मी त्यात पडत नाही. मला दिसतं ते एवढंच की पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पुरी होतात. तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची, शिस्त लागलेली, शस्त्र हाताळलेली पोरं ठाण्याच्या आणि पनवेलच्या स्टेशनवर उतरतील. केंद्रीय दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा ठेवल्या आहेत, पण सगळे तिथं मावणार नाहीत. आपल्या महापालिकांनी त्यांच्यासाठी काय ठरवलंय? आजवर अडतीसच्या हवालदाराला आपण गेटवर उभं केलं. चोविशीतल्या पोराला कुठं उभं करणार?

गावाकडं अजून पहाटे चारला पोरं डांबरी रस्त्यावर धावतात. सोळाशे मीटर, मग पुल-अप. भरतीची जाहिरात सरकार कितीही मोठी छापो, तो पोरगा बघतो फौजेतून परत आलेल्या चुलत्याकडं, मामाकडं. चुलता मुंबईत काय करतो, हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. पूर्वी ‘फौजेत जा, आयुष्याचं कल्याण होईल’ असं आई सांगायची. आता तीच आई मला फोन करून विचारते, ‘भावजी, चार वर्षांनी पोराचं काय?’ तिला द्यायला माझ्याकडं उत्तर नाही, आणि ते उत्तर दिल्लीत जेवढं आहे तेवढंच आपल्या महापालिकेत आणि आपल्या सोसायटीच्या सभेत आहे.

पत्रलेखकांना माझी विनंती अशी की पेन्शन कापायचं त्यांनी सोडून द्यावं आणि त्यांच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत आठ तासांच्या पाळीचा विषय घ्यावा. हिशेबाचा कागद मी करून देईन. कारंजं नंतर बसवता येईल.

ता. क. माझा पुतण्या, त्याच माथाडी भावाचा धाकटा, अग्निवीर टेक्निकल म्हणून सिग्नल्समध्ये आहे. पंचवीस टक्क्यांत आला तर आनंदच. नाही आला तर २०२७ च्या सुरुवातीला घरी येईल. रेडिओ संच उघडून पुन्हा जोडता येतो, ड्रायव्हिंग येतं, कागदपत्रं मी आतापासूनच तपासून ठेवलीयत, आईच्या नावातल्या ‘बाई’सकट. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कुणा कारखानदाराकडं त्याच्याजोगं काम असेल तर आपल्यामार्फत कळवावं. गेटवरचं सोडून कुठलंही चालेल.

आपला,
एक निवृत्त सुभेदार (सिग्नल्स),
कोपरखैरणे, नवी मुंबई
(नाव छापू नये, ही विनंती.)